न पिणाऱ्याचं यकृत

सात नंबरच्या टाकीखाली मनोज भोये पडलेला होता. ओल्या फरशीवर, एका कुशीवर. चेहरा लालबुंद, मानेची शीर ताडताड उडत होती. शेजारी चव घ्यायचा काचेचा पेला फुटला होता.

दुय्यम निरीक्षक शुभांगी आहेर धावत आत आली तेव्हा कामगारांचं कोंडाळं जमलं होतं. सेलरचे, म्हणजे वाईनच्या टाक्यांच्या कोठाराचे, जुने मुकादम गोटीराम खोडे फरशीवरच मांडी घालून बसले होते. मनोजचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं आणि खांद्यावरच्या पंच्यानं ते वारा घालत होते.

"मन्या, डोळे उघड रे पोरा."

वायनरीचे मालक महेश देवरे मागे उभे होते. त्यांनी पडलेल्या माणसाकडे नाही, टाकीकडे पाहिलं.

"पुन्हा प्यायला. टाकीत पुन्हा तूट आहे. आणखी काय पुरावा हवाय?"

"साहेब, पोरगा पीत नाय," गोटीराम म्हणाले. "माझ्या गळ्यात माळ हाय, मी खोटं नाय बोलायचा."

"तात्या, तुम्ही नका त्याची बाजू घेऊ. रिपोर्ट काय सांगतोय? यकृत खलास झालंय त्याचं. न पिता होतं का कुणाचं?"

शुभांगी गुडघ्यावर बसली आणि मनोजच्या तोंडापाशी नाक नेलं. लोक तिच्या उत्पादन शुल्क खात्याला अजून दारूबंदीच म्हणत आणि तिला दारूबंदीच्या मॅडम. हातभट्ट्यांवर धाडी घालण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती; आता तिची नेमणूक याच वायनरीत होती. गावठी, देशी, मोहाची, रात्रीची शिळी, वेलची चघळून लपवलेली, असे सगळे वास तिला ओळखता येत.

इथे वाईनचा अगदी पुसट वास होता, पेला तोंडाला लावणाऱ्याला येईल तेवढाच. त्याखाली दुसरा एक वास होता. उग्र, लसणासारखा.

"याला दिंडोरीला हलवा," ती उठत म्हणाली. "आणि देवरेसाहेब, टाकीला सील मी लावते."

"लावा. सोमवारी मी पोलिसांत चोरीची तक्रार देतोय. कामावरून तर तो आजच गेला."

"तक्रारीला माझा पंचनामा लागेल. तो झाल्याशिवाय कोणी कुठे जात नाही."

देवरेंनी खांदे उडवले. दोन हजार चारचा एप्रिल होता. द्राक्षांचा हंगाम उरकला होता, टाक्या भरलेल्या होत्या, आणि परदेशी पाहुणे पुढच्या आठवड्यात चव घ्यायला येणार होते. देवरेंना चोर हवा होता, आणि तो लवकर हवा होता.

दिंडोरीच्या दवाखान्यात डॉक्टर दिशा सोनजे यांनी मनोजला सलाईन लावलं होतं. चेहऱ्याची लाली ओसरली होती. आता डोळ्यांतला पिवळेपणा स्पष्ट दिसत होता.

शुभांगी स्टुलावर बसली.

"खरं सांग. किती घेतोस?"

"घेत नाय."

"कधीच नाही?"

"मॅडम, आमच्या पाड्यावर लग्न असलं ना, तर गाडीबैल माझ्या ताब्यात देत्यात. का, तर माघारी सगळ्यांना घरी पोचवायला शुद्धीत एकच माणूस असतो." तो ओढून ताणून हसला. "पेठकडचा माणूस न् पीत नाय, हे इथं कुणाला पटत नाय. तात्या सोडून."

"मग टाकीतली चव?"

"तोंडात घोळवायची न् थुंकायची. तात्यांनीच शिकवलं. गिळली तर जीभ मरती म्हणत्यात."

"पडायच्या आधी काय होतं?"

"कानात धडधड. तोंड भाजल्यागत. मग अंधारी येती. लोक म्हणत्यात, झिंगला."

"हे टाकीपाशीच होतं?"

"लय वेळा टाकीपाशीच."

"आणि एरवी?"

"तोंडाला लोखंडाची चव. लसूण न खाता लसणाचे ढेकर. भूक तर मेलीच."

"आज सकाळपासून काय काय खाल्लंस?"

"घरून नागलीची भाकर, चटणी. कामावर तात्यांसंगं चहा. मग टाक्या बघायला लागलो."

त्याने सलाईनच्या नळीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मॅडम, नोकरी गेली तर दुसरी बघीन. पण चोर म्हणून गेलो तर पाड्यावर तोंड कसं दाखवू? न् ह्यो रिपोर्टातला आकडा... डॉक्टरबाई म्हणत्या, असाच वाढत गेला तर मी ऱ्हात नाय. कशानं वाढतोय तेच कळंना. रात्री झोप लागत नाय. वाटतं, आपलंच अंग आपल्याविरुद्ध साक्ष देतंय."

बाहेर आल्यावर डॉक्टर दिशांनी रक्ताचे कागद टेबलावर मांडले.

"यकृताला इजा झाली की ही दोन द्रव्यं रक्तात वाढतात. चाळिशीच्या आसपास असावीत. याचं एक चारशेच्या पुढे गेलंय. नाशिकच्या लॅबमध्ये तपासलंय, इथेही तपासलंय. चूक नाही."

"म्हणजे दारू?"

"इथेच मी अडखळते. दारूमुळे यकृत बिघडलं तर सहसा दुसरं द्रव्य पहिल्याच्या दुप्पट असतं आणि आकडा एवढा चढत नाही. याचं नेमकं उलट आहे. संसर्गाची कावीळ नाही, तेही तपासलं."

"मग काय उरतं?"

"औषध, नाहीतर विष. काहीतरी रोज पोटात जातंय. पण तो म्हणतो, मी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाही." त्यांनी मधला कागद पुढे सरकवला. "हे बघा. होळीला गावी गेला होता. परत आल्यावर आकडा निम्म्याहून खाली. मी म्हटलं, चला, सुटला. पुन्हा कामाला लागला आणि पुन्हा वर."

"बागेतली फवारणी?"

"तीही शंका घेतली. पण याच आवारातल्या चौघांचं रक्त मी तपासलं. तेच पाणी, तीच हवा. सगळे ठणठणीत."

शुभांगीने तो कागद पुन्हा पाहिला. कारण गावाकडे नव्हतं. ते इथे होतं, आणि फक्त मनोजच्या वाट्याला येत होतं.

दुपारी ती वायनरीत परतली. चैत्राची यात्रा चालू होती. पहाटेच गडावरून सप्तशृंगीचं दर्शन घेऊन आलेला एक कामगार पेढे वाटत होता. गोटीरामांनी प्रसाद कपाळाला लावून एक पेढा तोंडात टाकला, मग दुसरा घेतला.

"कसं हाय पोरगं?"

"शुद्धीवर आहे. तात्या, टाक्यांच्या किल्ल्या कोणाकडे असतात?"

"माझ्याकडं. चव घ्यायच्या वेळी मन्याकडं."

"तूट किती दिवसांपासून?"

"दिवाळीनंतर ध्यानात आली. थोडी थोडी. मी साहेबांना म्हटलं, सुकत आसंल, गळत आसंल. साहेब ऐकंनात."

"मनोज चोरत असेल?"

गोटीरामांनी कानाच्या पाळीला हात लावला. "देवाशपथ नाय. लेकासारखा हाय माझ्या. त्याला नाशिकला लॅबमधी कोण घेऊन गेलं? मीच. माझ्या लुनावर. बाहेर बाकड्यावर बसून ऱ्हायलो रक्त देऊस्तोवर."

शुभांगीला ते ठाऊक होतं. तात्यांबद्दल आवारात कोणाचंच दुमत नव्हतं. एके काळी ते स्वतः पक्के पिणारे. बायकोने, ठमाबाईने, त्यांना ओढत नाशिकच्या डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या, आणि वर्षभरात दारू सुटली. मग माळ घातली. दारू सोडलेला माणूस दारूच्या टाक्या राखतो, म्हणून देवरे पाहुण्यांना त्यांची ओळख कौतुकाने करून देत. शुभांगी इथे नवी होती तेव्हा वाईन कशी होते हेही तात्यांनीच तिला समजावलं होतं. अधूनमधून तिच्या टेबलावर घरच्या मळ्यातली मेथीची जुडी ठेवलेली असे.

ती दमली होती. बाकड्यावरच्या थर्मासकडे तिने बोट केलं.

"तात्या, तुमचा गवती चहा पाजा की घोटभर. मनोज फार वाखाणतो."

"संपला मॅडम. सकाळीच संपतो. मन्याच पितो समदा. मला साखर झाली, तवापासनं मी सोडला." त्यांनी खिशातून लवंग काढून तोंडात टाकली. "हापिसातला सांगतो तुम्हाला, कडक."

संध्याकाळी कामगार सुटले. फाटकावर रखवालदार एकेकाचा डबा उघडून, पिशवी चाचपून सोडत होता. तात्यांनी लुनाच्या हँडलला थर्मास अडकवला. आत काहीतरी डचमळलं.

"चला तात्या, सांभाळून जा," रखवालदार म्हणाला आणि त्याने फाटक उघडलं.

शुभांगी खिडकीतून पाहत होती. थर्मासचं बूच कडेने जांभळट झालं होतं. त्यात विशेष काही नव्हतं. या आवारात सगळ्यांचीच बोटं जांभळी असत.

मनोजची खोली दिंडोरीतच होती. पत्र्याचं छप्पर, पुसूनपुसून गुळगुळीत झालेला ओटा. त्याच्या बायकोने, पल्लवीने, सतरंजी अंथरली, पण स्वतः ओट्याला पाठ लावून उभीच राहिली. शुभांगीने अनेक झडत्या घेतल्या होत्या. माणूस ज्याच्यापुढे उभा राहतो तिथेच बघायचं असतं.

"पल्लवी, बाजूला हो."

मिठाच्या बरणीमागे एक डबी निघाली. आत भुरकट पूड. डबीभोवती वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळलेला: रुग्णाच्या नकळत दारू सोडवा, भाजीतून द्या, घरपोच मिळेल.

पल्लवी मटकन खाली बसली.

"मीच मारलं का त्यांना?"

"किती दिलंस?"

"आमटीत घालायचे. चिमूटभर. दोन-तीनदाच दिलं असंल. मंग जीव धजंना. ज्याच्या ताटात वाढते त्याच्याच पाठीमागं कायतरी घालायचं, ह्ये मला झेपंना."

"पण तुझा नवरा पीत नाही, हे तुला माहीत होतं ना?"

"होतं की! पर मोठ्या माणसानं घरी येऊन सांगितलं." तिने पदराने डोळे पुसले. "तात्या आले होते. म्हणले, सूनबाई, मन्या लपून घेतोय. बाहेर मी झाकतोय, घरात तू सांभाळ. तात्या खोटं कशाला बोलतील?"

शुभांगीच्या हातातली डबी तशीच राहिली. सकाळीच तिने त्याच तोंडून उलटं ऐकलं होतं, माळेची शपथ घेऊन.

"ही पूड कधी आली?"

"पयला रिपोर्ट खराब आला, त्याच्या नंतर. डॉक्टरबाईंनी विचारलं ना, पिता का म्हणून, तवा तर तात्या आले."

"नंतर? नक्की?"

"रिपोर्ट आला नसता तर मी पूड मागवलीच नसती."

शुभांगीने डबी पिशवीत टाकली. "मग तू नाहीस. यकृत आधी बिघडलं, पूड मागून आली. आता आठवून सांग. टाकीपासून लांब असताना त्याला असं कधी झालंय?"

पल्लवीने विचार केला. "एकदा. केस कापायला गेले होते. न्हाव्यानं दाढी करून ते वासाचं पाणी लावलं. घरी आले तर तोंड ह्ये असं लाल, छाती धडधडती. म्हणले, पाणी शिळं असंल."

"गावी होळीला गेलात तेव्हा स्वयंपाक कोणी केला?"

"मीच की. तिथं तर चांगले जेवायला लागले होते."

अंधार पडायच्या आत शुभांगी पुन्हा दवाखान्यात पोचली. डॉक्टर दिशा शेवटचा पेशंट तपासून हात धूत होत्या.

"डॉक्टर, एक प्रश्न. माणूस प्यायलेला नाही, पण दारूच्या वाऱ्यालाही गेला तरी झिंगल्यासारखा पडतो. दाढीच्या लोशनानेसुद्धा तोंड लाल होतं. तोंडाला धातूची चव, लसणाचा वास. आणि यकृत जातं. असं कशाने होईल?"

डॉक्टरांचे हात नळाखाली थांबले.

"दारू सोडवायची गोळी," त्या सावकाश म्हणाल्या. "ती पोटात असताना थेंबभर दारू गेली तरी हेच होतं. भीतीने माणूस दारू सोडतो, म्हणूनच ती देतात. यकृतावर क्वचित परिणाम होतो, पण झाला तर वाईट होतो. मी त्याला औषधं विचारत राहिले. जो पीतच नाही त्याला ही गोळी कोण देईल, असं... माझ्या डोक्यातच आलं नाही."

"पाण्यात विरघळते?"

"नाही. कुटून घातली तर तळाशी बसते. हलवून द्यावी लागते."

"आणि अशी गोळी कोणाच्या घरात सापडेल?"

"ज्याची दारू सोडवली त्याच्या."

सोमवारी सकाळी शुभांगीच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. देवरे टाइप केलेली तक्रार घेऊन आले होते. मनोज भिंतीला टेकून बसला होता, शेजारी पल्लवी. गोटीराम दारात उभे होते, लवंग चघळत. मळ्यातून ठमाबाईंना आणायला शुभांगीने जीप पाठवली होती. त्या पायरीवरच बसल्या. हातात कोथिंबिरीची जुडी तशीच होती.

टेबलावर तात्यांचा थर्मास होता. मनोजच्या हाती जायच्या आतच शुभांगीने तो मागवून घेतला होता.

"पंचनामा पुरा करायचा आहे," ती म्हणाली. "त्याआधी चहा घेऊ. तात्या, पहिला कप तुम्हाला."

तिने थर्मास नीट हलवला आणि कप भरला.

"मला साखर हाय मॅडम."

"तुमाला कधी साखर झाली?" पायरीवरून ठमाबाई म्हणाल्या. "काल रातच्याला गुळाची पोळी खाल्ली की. प्या, मॅडम एवढं म्हणत्यात तर. रोज पिता ना?"

गोटीरामांनी बायकोकडे पाहिलं. मग कपाकडे. हात पुढे आला नाही.

"तात्या, घोटभर," शुभांगी म्हणाली. "तुमच्या घरचाच चहा आहे. पिऊन इथेच बसायचं, थोडा वेळ. तुमचं तोंड लाल झालं नाही, तर मी देवरेसाहेबांच्या तक्रारीवर डोळे मिटून सही करते."

देवरे चिडले. "हा काय तमाशा आहे? तोंड का लाल होईल?"

"ठमाबाई, तुम्ही सांगता का?"

ठमाबाईंच्या हातातली जुडी खाली पडली. त्या आळीपाळीने कपाकडे आणि मनोजच्या पिवळ्या डोळ्यांकडे पाहत होत्या.

"गोळी हाय त्यात," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासनं घालते मी. ह्यांचं पुन्हा सुरू झालं, मला वास लागला. लवंगेनं झाकत्यात, पर मी काय आजची हाय का? पयली सुटली ती त्याच गोळीनं. आता सांगून घेत नव्हते, म्हणून कुटून चहात घालते, आलं न् गवती चहा जादा टाकून. ह्यांना म्हणते, चहा खाली बसतो, हलवून घेत जा." मग आवाज चिरकला. "मन्या, तू पितो व्हय रे ह्यो?"

 मनोजने होकारार्थी मान हलवली.

शुभांगीने कप बाजूला ठेवला.

"देवरेसाहेब, रिपोर्ट पाहून तुम्हीही फसलात, मीही फसले असते. यकृत बिघडलंय म्हणजे पितो. पण त्याच कागदांवरून मला शंका आली. गावी गेला की आकडा उतरतो, कामावर आला की चढतो. गावी बायको तीच, ताटही तिचंच. मग बदलतं काय? घरच्या भाकरीनंतर त्याच्या पोटात कामावर एकच गोष्ट जाते. तात्यांचा चहा."

"पण तो तर सगळे..."

"सगळे नाही. मी मागितला तर संपला म्हणाले. तात्या स्वतः पीत नाहीत, साखर झालीय म्हणून. त्याच दुपारी त्यांनी माझ्यासमोर दोन पेढे खाल्ले. आणि संपलेला थर्मास संध्याकाळी फाटकातून जाताना डचमळत होता."

तिने थर्मासचं बूच उलटं करून टेबलावर ठेवलं. आतला भाग गडद जांभळा होता.

"चहाने बूच असं होत नाही. कडेला बोटांचे डाग पडतील, आत नाही. सकाळी चहा मनोजच्या पोटात, दिवसभरात सात नंबरमधली वाईन थर्मासमध्ये, आणि संध्याकाळी सलाम घेत फाटकाबाहेर, वाटेत तात्यांच्या पोटात. सगळ्यांचे डबे उघडतात, तात्यांचा थर्मास कोण उघडणार? तुमची तूट ही आहे."

रखवालदार दारामागे उभा होता. त्याने मान खाली घातली.

"चहातली गोळी तात्यांना केव्हा कळली, ते तेच सांगतील. एकदा चहा पिऊन वाईन घेतली असणार आणि स्वतःच पडले असणार. ती लाली, ती धडधड त्यांना जुन्या उपचारातून ठाऊक होती. तेव्हापासून चहा मनोजला. तोही टाकीपाशी झिंगल्यासारखा पडायला लागला आणि तात्यांना दिसलं की तुटीला आयतं नाव मिळालंय. तुमच्यासमोर माळेची शपथ घेऊन त्याला सोडवत राहिले, म्हणजे संशय स्वतःवर येणार नाही. आणि तिकडे पल्लवीला घरी जाऊन सांगितलं की तो लपून पितो, म्हणजे त्याच्या बाजूने बोलणारं शेवटचं माणूसही उरणार नाही."

 देवरेंनी हातातला तक्रारीचा कागद घडी करून खिशात घातला.

गोटीरामांच्या तोंडातली लवंग थांबली होती.

"आधी ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "खरंच नव्हतं. मला नको होता चहा, म्हणून पोराला दिला. मायेनंच दिला."

"आणि मी पडल्यावर?" मनोजने विचारलं.

"तवा कळलं."

"त्याच्यानंतर पण दिला."

गोटीरामांनी मान फिरवली.

"लॅबमधी नेलं तुमी. लुनावर मागं बसवून. आकडा काय आला म्हणून मला सगळ्यांच्या आधी तुमी विचारायचे." मनोजचा आवाज चढला नाही. "मी म्हणायचो, तात्यांना लय काळजी. न् दुसऱ्या दिवशी थर्मास हलवून कप माझ्या हातात."

"मन्या, भरला थर्मास घरी नेला असता तर हिला कळलं असतं..."

"तात्या, टाक्या धुतो ती एवढी मोठी गटार हाय आवारात. तिच्यात वतायचा होता."

 गोटीरामांनी गळ्यातल्या माळेला हात लावला आणि काहीतरी आठवल्यासारखा लगेच काढून घेतला.

शुभांगीने कप, थर्मास आणि टाकीतला नमुना सीलबंद केला. पोलिसांची गाडी आली तेव्हा ठमाबाई नवऱ्याकडे गेल्या नाहीत. त्या मनोजपाशी जाऊन बसल्या. त्यांचा हात त्याच्या डोक्याकडे गेला, पण टेकला नाही.

"मी त्यांच्यासाठी घातली रे," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "त्यांच्यासाठी."

"माहीत हाय काकू," मनोज म्हणाला.

मे महिना संपता संपता मनोज शुभांगीच्या खोलीत आला. डोळे पांढरे झाले होते, गालावर मांस आलं होतं. त्याने नवा रिपोर्ट टेबलावर ठेवला. आकडा चाळिशीच्या आत होता.

"साहेबांनी सेलर माझ्याकडं दिला. किल्ल्या पण."

"बसा मुकादम," शुभांगी हसून म्हणाली आणि तिने दोन चहा सांगितले.

चहा आला. मनोज रिपोर्टबद्दल बोलला, पल्लवीबद्दल बोलला, ठमाबाई एकट्याच मळा बघतात आणि आपण सुट्टीला त्यांच्या भाजीची गाडी नाशिकच्या बाजारात नेतो, हेही बोलला. कप त्याच्यासमोर तसाच होता. बोलता बोलता त्याची नजर कपाच्या तळाकडे जात होती.

शुभांगीच्या ते लक्षात आलं. तिने त्याचा कप उचलला, त्यातला मोठा घोट घेतला आणि कप पुन्हा त्याच्यापुढे ठेवला.

"घे आता."

मनोज ओशाळला. त्याने कपाला हात लावला, कपाचा कानही धरला. पण कप उचलला गेला नाही.

"मॅडम, तुमच्यावर भरवसा हाय," तो म्हणाला. "तात्यांवर पण होता."

चहावर साय धरायला लागली होती.